ठणका थांबलेली दाढ

दाढ ठणकायला लागली की रात्र सरत नाही. लवंगेच्या तेलाचा बोळा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली गोळी असं करत चार-सहा दिवस निघतात आणि मग एका सकाळी ठणका गायब झालेला असतो. गरम चहा लागत नाही, माठातलं पाणी झोंबत नाही. डेंटिस्टकडची अपॉइंटमेंट रद्द होते, ‘आपोआप बरी झाली’ असं घरात जाहीर होतं. बहुतेक वेळा ती बरी झालेली नसते, मेलेली असते. दुखतंय हे सांगणारी नसच मेल्यावर तक्रार करणार कोण? अशी दाढ माणूस पुढे दहा-दहा, वीस-वीस वर्षं तोंडात बाळगतो. त्या वर्षांत तिच्या मुळाशी जे चालू असतं त्याचा आपल्या रक्तवाहिन्यांशी काही संबंध आहे का, हा प्रश्न वैद्यकात शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचं उत्तर एकदा फार घाईने दिलं गेलं, मग रागाने पुसून टाकलं गेलं आणि आता पुन्हा, जरा सावकाश, लिहिलं जातंय.

दाताच्या आत मऊ गर असतो. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात, आपण सरसकट ‘नस’. त्यात मज्जातंतू असतात, तसंच बारीक धमन्या, शिरा आणि जिवंत पेशीही असतात. हा सगळा संसार मुळाच्या टोकाला असलेल्या, सहसा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान भोकातून हाडातल्या रक्तवाहिन्यांशी जोडलेला असतो. बोटाला जखम चिघळली की बोट सुजतं, कारण सुजायला जागा असते. दाताच्या पोटात ती नसते, भिंती टणक असतात. कीड खोल गेली, जंतू गरापर्यंत पोचले आणि आत सूज आली, की वाढलेल्या दाबाने शिरा चेपल्या जातात, रक्त फिरेनासं होतं आणि गर कुजतो. रात्रीचा तो जीवघेणा ठणका म्हणजे बव्हंशी या दाबाची वेदना.

पण गर मेल्यानंतर जे होतं ते अधिक महत्त्वाचं. मुळाच्या नळीत आता रक्तच येत नाही. रक्त नाही म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत, आणि गोळीतून घेतलेलं अँटिबायोटिकही तिथे पोचत नाही, कारण औषधाला रक्ताखेरीज दुसरी वाट नाही. मालक परागंदा झालेल्या, आतून कडी घातलेल्या घरात कोणी मुक्काम ठोकावा तसे जंतू त्या नळीत आणि तिच्या सूक्ष्म फाट्यांमध्ये चिकट थर करून राहतात. ऑक्सिजन नाही, अन्न बेताचं, तरी ते तगतात. शरीराला आत जाता येत नाही म्हणून ते दाराबाहेर बंदोबस्त लावतं. मुळाच्या टोकाभोवतीचं हाड विरघळतं आणि त्या जागी रक्तवाहिन्यांनी व रोगप्रतिकारक पेशींनी भरलेली मऊ गाठ तयार होते. कधी ती शांत बसते, कधी तिचं गळू होऊन हिरडीवर पुळी येते, पू वाहतो, पुन्हा बंद होतो. एक्स-रेवर मुळाच्या टोकाला जो काळपट गोल डाग दिसतो तो हाच. तो दिसायलाही वेळ लागतो, कारण हाडातली साधारण तीस ते पन्नास टक्के खनिजं गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर फरक कळत नाही.

हे सगळं जंतूंमुळेच होतं, याचा पुरावा १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनले आणि फिट्झगेराल्ड यांनी दिला. त्यांनी दोन प्रकारच्या उंदरांच्या दाढा भोक पाडून उघड्या ठेवल्या. नेहमीच्या उंदरांचे गर कुजले, मुळाशी गळवं झाली. जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत अन्नाचे कण अडकले तरी गर जिवंत राहिला, इतकंच नव्हे तर भोकाखाली नवं दंतद्रव्य तयार होऊन ते बुजायला लागलं. दंतवैद्यकातला इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

असा डाग किती जणांना असतो? जगभरातल्या अभ्यासांची एकत्रित मोजणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार सुमारे ५२ टक्के प्रौढांच्या किमान एका दाताच्या मुळाशी असा दाह सापडतो. म्हणजे हा निम्म्या मानवजातीचा मामला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्याच कशासाठी तरी ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला जातो आणि त्यात तो डाग दिसतो.

मुळाशी जमलेली ती गाठ रक्तावरच जगते, त्यामुळे तिथलं काही ना काही रक्तात उतरणं ओघानेच आलं. कधी जिवंत जंतू उतरतात, कधी मेलेल्या जंतूंच्या भिंतींचे विषारी तुकडे, आणि सतत उतरत राहतात ते दाहाचे रासायनिक निरोप. या निरोपांमुळे यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं. हल्ली तपासणीच्या पॅकेजमध्ये असते ती सीआरपी हीच.

दाताच्या मुळापासून रक्तवाहिनीपर्यंतच्या काही वाटा अगदी निर्विवाद आहेत. वरच्या दाढेचा पू गालातल्या शिरांमध्ये शिरला तर तो उलट दिशेने मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत जाऊन तिथे गुठळी करू शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा जिवावर बेततं. फ्रेंच वैद्य आंद्रे लेमिएर यांनी १९३६ साली वर्णन केलेल्या आजारात घशातला, आणि काही वेळा दातातला, संसर्ग मानेतल्या मोठ्या शिरेत जंतूंनी भरलेली गुठळी तयार करतो. आणि तोंडातले स्ट्रेप्टोकोकस जंतू हृदयाच्या खराब झडपेवर जाऊन बसतात तो एंडोकार्डायटिस तर प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाने पाहिलेला असतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेले रुग्ण आपल्याकडे अजूनही पुष्कळ असल्याने ही गोष्ट पुस्तकी नाही.

वाद आहे तो दुसऱ्याच गोष्टीबद्दल. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साचत जाते, ज्याला आपण ‘ब्लॉकेज’ म्हणतो, त्या सावकाश चालणाऱ्या आजाराला मुळाशी दबलेला दाह हातभार लावतो का?

या वादाचा इतिहास सांगायलाच हवा, कारण त्यात हजारो निरोगी दात बळी गेले. १९१० साली ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं. किडलेल्या, कुजलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल चढवून खालची घाण झाकायची त्या काळच्या दंतवैद्यांची पद्धत होती. हंटर यांनी तिच्यावर तोफ डागली आणि पांडुरोगापासून मूत्रपिंडाच्या विकारांपर्यंत अनेक आजारांचं खापर या झाकलेल्या पुवावर फोडलं. त्यांचा मूळ राग रास्त होता. पण अमेरिकेत शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज आणि इतरांनी त्यातून एक संपूर्ण सिद्धान्त उभा केला. शरीरात कुठेतरी दडलेलं जंतूंचं ठाणं दूरदूरचे आजार घडवतं, तेव्हा ठाणंच उपटा. वेस्टन प्राइस या दंतवैद्याने रुग्णांचे काढलेले दात सशांच्या कातडीखाली शिवले, ससे आजारी पडले आणि रूट कॅनाल केलेला प्रत्येक दात संशयित ठरला. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात, मग टॉन्सिल, मग आतड्यांचे भाग काढले, त्यात अनेक जण दगावले. स्वतःच्या मुलांचे दातही त्यांनी काढून टाकले. श्रद्धा खरी होती, एवढंच म्हणता येतं.

या लाटेला बांध घालणाऱ्यांत रसेल सेसिल होते. आपल्याकडचे एमबीबीएसवाले ज्यांच्या नावाचं वैद्यकाचं जाडजूड पुस्तक ओळखतात तेच हे सेसिल. ते स्वतः आधी या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते. १९३८ साली त्यांनी आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा लेखाजोखा मांडला. दात काढलेल्या ५२ जणांपैकी ४७ जणांना काडीचा फरक पडला नव्हता. पुढच्या दशकात सिद्धान्त कोसळला, आणि तो असा कोसळला की ‘दातांचा बाकीच्या शरीराशी संबंध’ असं म्हणणाराही पुढची चाळीस वर्षं अडाणी ठरला.

विषय पुन्हा उघडला फिनलंडने. १९८९ साली मॅटिला आणि सहकाऱ्यांनी नुकताच हार्ट अटॅक आलेले १०० रुग्ण आणि तुलनेसाठी त्याच भागातले १०२ लोक तपासले. किडके दात, हिरड्यांचे खड्डे आणि मुळाशी असलेले डाग यांची बेरीज करून तोंडाच्या अवस्थेला गुण दिले. हार्ट अटॅकवाल्यांची तोंडं वाईट निघाली. वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल, मधुमेह, सामाजिक स्तर हे सगळं हिशेबात धरल्यावरही फरक उरला.

त्यानंतर फिनलंडच्याच टाम्पेरे शहरातल्या संशोधकांनी धमनीतून बाहेर काढलेल्या गुठळ्याच तपासायला घेतल्या. हार्ट अटॅकच्या वेळी अँजिओप्लास्टी करताना गुठळी शोषून घेतली जाते. तशा १०१ रुग्णांच्या गुठळ्यांमध्ये त्यांनी जंतूंचा डीएनए शोधला. २०१३ साली निष्कर्ष आले. ७८ टक्के गुठळ्यांत तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा डीएनए होता, सुमारे ३५ टक्क्यांत हिरड्यांच्या आजारातल्या जंतूंचा. गुठळीतलं एकूण प्रमाण त्याच रुग्णाच्या वाहत्या रक्तातल्यापेक्षा १६ पट होतं. ज्यांचे दातांचे एक्स-रे काढता आले त्यांच्यात मुळाशी गळू असणं आणि गुठळीत हे स्ट्रेप्टोकोकस सापडणं यांची जोडी जुळत होती. याच गटाने २०२५ साली पुढचं काम छापलं. त्यात अचानक मृत्यू आलेल्यांच्या हृदयधमन्या आणि शस्त्रक्रियेत काढलेले धमन्यांतले चरबीचे थर तपासले होते. हृदयधमन्यांतल्या सुमारे ४२ टक्के थरांत तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसचा डीएनए निघाला. जंतू थराच्या गाभ्यात चिकट पडदा करून बसले होते आणि रोगप्रतिकारक पेशींना त्यांचा सुगावा लागलेला नव्हता. थर जिथे फुटला होता तिथे मात्र ते सुटे झालेले दिसत होते, आणि दाहही तिथेच पेटलेला होता.

वाचताना अंगावर काटा येतो, पण जरा थांबायला हवं. डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंत होता असं नाही, आणि तो गुन्हेगार होता असं तर नाहीच. हे स्ट्रेप्टोकोकस प्रत्येकाच्या तोंडात असतात, स्वच्छ दात असलेल्याच्याही. ब्रश करताना, चावताना ते थोडेफार रक्तात जातात आणि काही मिनिटांत साफ होतात. आधीच खराब झालेल्या धमनीच्या भिंतीत ते नुसते अडकले असतील अशीही शक्यता आहे. माझ्या मते टाम्पेरेच्या कामाचं मोल उत्तरापेक्षा ठोस प्रश्न हातात देण्यात आहे.

मला अधिक बोलका वाटतो तो पुरावा गुठळी होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम. तो नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतो, त्याने धमनी सैल होते, गुठळ्या धरत नाहीत. याच शोधाला १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ब्लॉकेज दिसायच्या कित्येक वर्षं आधी या अस्तराची लवचीकता कमी झालेली असते आणि ती मोजता येते. सार्डिनियातल्या एलिझाबेत्ता कोत्ती आणि सहकाऱ्यांनी २०११ साली वीस ते चाळीस वयाचे, हृदयरोग नसलेले पुरुष निवडले. ज्यांच्या दातांच्या मुळाशी दाह होता त्यांच्यात अस्तराचा प्रतिसाद मंद होता. दाहाचे निरोप आणि नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती अडवणारं एडीएमए हे रसायन रक्तात जास्त होतं. विशी-तिशीतली, धडधाकट दिसणारी माणसं होती ही.

दात सुधारला तर अस्तर सुधारतं का? हिरड्यांच्या आजारापुरतं उत्तर आहे. लंडनमध्ये मॉरिझिओ टोनेटी आणि सहकाऱ्यांनी १२० रुग्णांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हिरड्यांची कसून सफाई केल्यावर दुसऱ्या दिवशी अस्तराची स्थिती चक्क बिघडली, कारण उपचारानेच जंतू आणि दाह रक्तात उसळले. पण सहा महिन्यांनी ती साध्या सफाईवाल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली झाली होती. मुळांच्या बाबतीत इतकी भक्कम चाचणी झालेली नाही. मात्र इन्सब्रुकमध्ये पाचशेहून अधिक लोकांचे सीटी स्कॅन तपासले तेव्हा एक सूचक गोष्ट दिसली. महाधमनीतल्या कॅल्शियमच्या थरांशी संबंध दिसला तो उपचार न केलेल्या मुळांच्या डागांचा, रूट कॅनाल झालेल्या दातांचा नाही. हेलसिंकीत अँजिओग्राफी झालेल्या ५०८ रुग्णांच्या अभ्यासातही (२०१६) बोट गेलं ते रूट कॅनालची गरज असून तो न केलेल्या दातांकडेच.

इथे मिश्रीचा विषय काढल्यावाचून गत्यंतर नाही. महाराष्ट्रात, विशेषतः गावाकडच्या बायकांत, भाजलेल्या तंबाखूची पूड दाताला लावायची सवय अजून आहे. दात दुखतो म्हणून ती सुरू होते आणि मग सुटत नाही. मिश्री, विडी, गुटखा यांतला तंबाखू हिरड्याही खातो आणि धमन्याही. रक्तातली वाढलेली साखर दाताचा संसर्ग वाढवते आणि हृदयही पोखरते. ज्याच्याकडे दाढेवर खर्च करायला पैसे नाहीत त्याच्याकडे बीपीच्या गोळ्या नियमित घ्यायलाही नसतात. तेव्हा एकाच माणसाच्या मुळाशी गळू आणि हृदयात ब्लॉकेज निघाले तर दोघांचा बाप तिसराच असू शकतो. संशोधक आकडेमोड करून हे घटक वेगळे काढतात, पण गरिबी आकड्यातून पुरती निघत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळा पुरावा चाळून हेच सांगितलं होतं. हिरड्यांच्या आजाराचा धमन्यांच्या विकाराशी स्वतंत्र संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही.

सावधगिरीला आणखी एक कारण आहे. चरबीच्या थरात क्लॅमिडिया न्यूमोनिए हा दुसरा एक जंतू सापडला तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. हृदयरुग्णांना अँटिबायोटिक द्या, अटॅक टळतील. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चार हजारांवर रुग्णांना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन दिलं. फायदा शून्य. जंतू मारून हृदय वाचलं नाही. उलट २०१७ च्या कँटोस चाचणीत, जंतूला हात न लावता आणि कोलेस्टेरॉलही न घटवता, फक्त दाहाचा एक निरोप औषधाने अडवला, तर पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांमध्ये पुढचे झटके आणि तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर दाताच्या मुळाकडे जंतूंचं ठाणं म्हणून पाहण्यापेक्षा अंगात कायम धुमसणाऱ्या दाहाचा एक झरा म्हणून पाहणं जास्त पटतं. आणि हा झरा गोळीने आटत नाही. नळी उघडून, घासून, धुऊन, भरून टाकावी लागते, नाहीतर दात काढावा लागतो.

शंभर वर्षांपूर्वीचं भूत मात्र अधूनमधून उठतं. ‘रूट कॅनालमुळे हार्ट अटॅक येतो’ असा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो, त्याच्या मुळाशी प्राइस यांचे सशांवरचे प्रयोगच असतात. त्याच धर्तीचा ‘रूट कॉज’ हा माहितीपट नेटफ्लिक्सने तज्ज्ञांच्या टीकेनंतर २०१९ साली काढून टाकला. वरची दाढ काढली की डोळे जातात, या आपल्याकडच्या समजुतीलाही आधार नाही. नुकसान असं होतं की या भीतीपोटी लोक काहीच करत नाहीत. चेहरा सुजला की ओळखीच्या केमिस्टकडून अँटिबायोटिक आणतात, सूज उतरली की तिसऱ्या दिवशी सोडून देतात आणि मुळातला साठा जसाच्या तसा राहतो.

रूट कॅनाल करून घ्यायला हृदयाची भीती घालायची गरजही नाही. मुळाशी संसर्ग असलेला दात हाड खातोय, एवढं कारण पुरेसं आहे. धमन्यांना लाभ झालाच तर तो वरकड. ज्यांना एकदा रूट कॅनाल होऊन गेलाय त्यांनी टोपीखाली काय चाललंय हे वर्षभराने एक्स-रे काढून पाहावं. मुळाच्या टोकाचं हाड भरून येत असेल तर काळा डाग लहान होत जातो, कधी पूर्ण भरायला तीन-चार वर्षंही लागतात.

ज्यांचं हृदय आधीच दुखावलेलं आहे त्यांची गोष्ट वेगळी. कृत्रिम झडप बसवण्याआधी हृदयाचे सर्जन दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी मागतात ती उगाच नाही, मुळाशी दडलेला एखादा संसर्ग नव्या झडपेचा घात करू शकतो. झडप बसवलेल्यांना, पूर्वी एंडोकार्डायटिस झालेल्यांना आणि काही जन्मजात हृदयदोष असलेल्यांना दात काढण्याआधी किंवा हिरडीतून रक्त येईल अशा उपचाराआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस देतात. प्रौढांसाठी तो सहसा २ ग्रॅम अमॉक्सिसिलिनचा असतो, पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर दुसरं औषध. बाकीच्या हृदयरुग्णांना तो लागत नाही. आणि स्टेंट बसवलेली अनेक मंडळी दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनाने दोन-चार दिवस आधी बंद करतात, ते करू नये. हिरडीतून येणारं रक्त डेंटिस्ट दाबून, टाका घालून थांबवू शकतो. गोळी थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरला विचारून ठरवायचं, आणि डेंटिस्टच्या खुर्चीत बसताना सगळ्या औषधांची फाइल सोबत न्यायची.